शी काकू आणि चार घोड्या

माझ्या बायकोला बिल्डिंगमध्ये मागून सगळे 'शी काकू' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. दिवसातून पन्नास वेळा तरी ती 'शी' म्हणायची. वॉचमनने जिन्यात थुंकलेलं दिसलं, शी. नाक्यावरचा वडेवाला खाजवलेल्या हाताने पाव कापतोय, शी. चौकात वाढदिवसाच्या बॅनरवर पंधरा जणांची गॉगल घातलेली तोंडं, शी. प्रत्येक शी वेगळी. आवाजावरून मला कळायचं की घाण बघितली की माणूस बघितला. माणसाची शी लांब असायची.

माझ्या वाट्याला लांबच आली. मी सातवी नापास, अंबरनाथला एमआयडीसीत फिटर म्हणून हाडं झिजवली. नखात कायम ग्रीस. ती मला मोरीत उभा करायची, राखेने हात घासायला लावायची, मग नखं तपासायची, आणि मग ताट. वाढताना चेहरा असा की कोणाला तरी उलटी झालीय आणि ही त्याला जेवायला वाढतेय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला राग यायचा. नंतर सवय झाली. आता कोणी नखं बघत नाही, आणि जेवणाची मला खरंच शिसारी येते.

रिटायर झाल्यावर मी जुनी गाडी घेतली. बदलापूरला कात्रपमध्ये आमची बिल्डिंग, पहिला मजला, खिडकीच्या बरोबर खाली पार्किंग. गाडी गॅरेजला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. जन्मभर मशिनी खोलल्या, आता स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलायला दुसऱ्याकडे जाऊ का? पहिल्याच रविवारी जॅक लावला, गाडी उचलली आणि आत सरपटलो. कंपनीत चार टनी गिअरबॉक्सखाली बसून काम केलेला माणूस मी. जॅकवर भरोसा होता.

मी खालून नट सोडवत होतो तेवढ्यात शेजारी खसफस झाली. बघतो तर ही. गाऊनवर ओढणी, एवढा मोठा देह, गाडीखाली माझ्या बाजूला सरकत येतेय. मी ओरडलो, अगं काय करतेस, बाहेर हो. ती पाठीवर झोपली, वर सायलेन्सरकडे बघितलं आणि म्हणाली, "शी. इथे मरायचंय होय? चालेल. दोघं मरू, म्हणजे मागे रडायला कोणी नको." आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हिशेब तिचा बरोबरच होता. पार्किंगमध्ये माणसं जमली. दोन म्हातारे नवरा-बायको गाडीखाली झोपलेत म्हटल्यावर जमणारच. मी बाहेर आलो. मग तीही आली आणि मी जॅक खाली घेईपर्यंत गाडीच्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी.

तिचं कारण होतं. माहेर तिचं चामटोलीचं. बाप वीटभट्टीचा टेम्पो चालवायचा. टेम्पो बिघडला की चाकाखाली विटा रचायच्या आणि खाली शिरायचं, भट्टीवर विटांना काय तोटा? ही चौदा वर्षांची असताना वीट फुटली आणि टेम्पो बापाच्या अंगावर बसला. गावाने तेरा दिवस बसून सांगितलं की भोग होते, वेळ भरली होती. ती मला ही गोष्ट एकदाच बोलली, आणि रडली नाही. म्हणाली, "भोग कसला? वीट कच्ची होती. पण असं बोललं की कोणाला काही करावं लागत नाही ना." मेलेल्या माणसावर देवाचं नाव टाकून हात झटकणाऱ्यांची तिला जेवढी किळस होती तेवढी गटाराची पण नव्हती.

तर घोड्या आणायच्या ठरल्या. घोडी म्हणजे गाडी उचलल्यावर खाली लावायचा तिपाईसारखा लोखंडी स्टँड. जॅक फक्त उचलायला, भार घोडीवर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून न करणारे मी आयुष्यभर बघितले, मी त्यातलाच एक. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याने चकचकीत रंग दिलेल्या घोड्या काढल्या, म्हणाला, भाभीजी, हाथी खडा करो इसपे. हिने घोडी उलटी केली, सांध्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "शी. ही वेल्डिंग आहे की शेंबूड?" दुकानदाराला मराठी चांगलं येत होतं. तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. मग आतून खऱ्या चार काढून दिल्या, काळ्या, बेढब, जड. आणि मला म्हणाला, "अंकल, आप नसीबवाले हो. मेरी वाली तो बोलती है, जा, घुस जा."

त्या दिवसापासून गाडीखाली जायचा कायदा तिचा. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, एक बाजू उचलताना जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून मागून दगड लावायचे. आमच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, खाली वाळू. पावसाळ्यात वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगतो. म्हणून घोडीखाली जाड फळी. ही फळी तिने सुचवली, मी नाही. मी फिटर असून मला सुचलं नव्हतं. मग जॅक हळूहळू सोडून गाडी घोड्यांवर बसवायची, आणि शेवटी ती येऊन गाडीला कुल्ह्याने धक्का द्यायची. दोनदा. पोरं फिदीफिदी हसायची. गाडी हलली नाही की मला म्हणायची, जा आता.

दुसऱ्यांनाही तिने सोडलं नाही. गेटजवळ एक ऑफिसवाला नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालून बसला होता. ही त्याला काही बोलली नाही. त्याच्या बायकोला फोन लावला आणि म्हणाली, "खाली ये गं जरा. नवरा एकदा नीट बघून घे." ती बिचारी कुकर तसाच टाकून धावत आली. त्या माणसाने महिनाभर आमच्याकडे बघून तोंड फिरवलं होतं. पण नंतर घोड्या मागायला तोच पहिला आला. मग सगळेच मागायला लागले. न्यायला येतात गोड बोलून, परत द्यायला कोणाला पाय नसतात.

मग तिची किडनी गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, कॅम्प पाचला. मी गाडीने न्यायचो. बदलापूर ते उल्हासनगर रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच, कोणीतरी नांगरून ठेवलेला. मशीनवर चार तास. ती त्या खुर्चीत, मी बाजूच्या स्टुलावर. तिथला संडास, भिंतीवरचे डाग, नातेवाईक कोपऱ्यात टाकतात ती केळ्याची सालं. पहिल्या महिन्यात ती शी म्हणायची. नंतर नुसतं बघायची. तोंड उघडायची ताकद ती जपून वापरायला लागली. मी एकटाच मग सगळ्यांवर डाफरायचो. सिस्टर म्हणायची, काका, तुमचंच बीपी तपासायला पाहिजे.

डॉक्टरने एक दिवस मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. घरी येताना मी गाडी चालवत होतो आणि ती बाहेर बघत होती. तिने विचारलं नाही काय म्हणाले. विचारायची गरज नव्हती, माझी मान बघूनच तिला कळत असे.

त्यानंतरचा रविवार. सायलेन्सरचा रबर तुटला होता, पाईप लोंबत होता. घोड्या तिसऱ्या मजल्यावरच्या नितीनकडे, महिना झाला नेलेल्या. मी त्याला मनात घाण घाण शिव्या घातल्या. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटचे चार पोकळ ब्लॉक उचलून आणले, जॅक मारला, ब्लॉक ठेवले आणि आत गेलो.

ही वर पलंगावर होती. पाय सुजलेले, दहा पावलं चालली की धाप. पण खिडकी उघडी होती. जॅकचा आवाज तिने ऐकला, घोड्या ओढल्याचा ऐकला नाही. जिना उतरून खाली आली. कशी आली देव जाणे. मला तिचे पाय दिसले, स्लिपर उलट्या घातलेल्या. ती शी म्हणाली नाही. वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाहेर या."

मी आलो. गाडी खाली घेतली. तिने एक ब्लॉक पायाने आडवा केला आणि त्याच्या भोकांकडे बघत बसली. मग मला हात धरायला सांगितला, आणि आम्ही वर गेलो. एका मजल्याला वीस मिनिटं लागली. मधे ती दोनदा पायरीवर बसली.

सोमवारी मशीन सुरू झाल्यावर तिने माझ्याकडे मान वळवली. बाजूच्या खुर्चीतला माणूस झोपला होता. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आधी निघायचा विचार होता ना तुमचा?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय. घाई होती गं. आज तुला इथे आणायचं होतं, म्हणून."

"मला आणायला तुम्हीच नसता तर?"

"घाई होती म्हणून सांगतोय ना."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नखं बघायची तशीच. मग म्हणाली, "बरं." आणि डोळे मिटले. एवढ्या वर्षांत माझं खोटं तिने कधी बरं म्हणून सोडलं नव्हतं.

सतरा दिवसांनी ती गेली. तेराव्याला नितीन घोड्या परत घेऊन आला, पुसून, हळू आवाजात. काकांना कामाच्या वेळी मिळाल्या नाहीत, माझी चूक झाली, म्हणाला. लोकांनी त्याच्याकडे रागाने बघितलं. मी बघू दिलं. त्याची मला किळस आली असं मी तेव्हा सगळ्यांना भासवलं.

आता खरं लिहितो. नितीन त्या रविवारी घरी होता. त्याच्या गॅलरीत घोड्या मला खालून दिसत होत्या. तीन जिने चढून बेल वाजवायची होती. आणि पाईप लोंबत होता तो तारेने बांधून सोमवारचं जाणं-येणं आरामात झालं असतं, तसंच शेवटी आम्ही केलं. घाई कसलीच नव्हती. मरायचं ठरवून मी खाली गेलो नव्हतो. पण न मरायची काळजी मी घेतली नाही, आणि ती जाणूनबुजून घेतली नाही. ती मशीनवर आणि मी मोकळा, अशी पळवाट मी शोधत होतो. तिला मागे टाकून. स्वतःची एवढी घाण मला कंपनीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलो होतो तेव्हाही वाटली नव्हती.

ते तिला कळलं होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस. त्यानंतर सात वेळा तिला डायलिसिसला नेलं. सातही वेळा चार-चार तास मी तिच्या बाजूला स्टुलावर बसलो होतो. ती अधूनमधून डोळे उघडून माझ्याकडे बघायची, थांबायची. आणि मी तिला रस्ता कुठे कुठे उखडलाय ते सांगत बसायचो.