ट्रॅक्टरच्या सवयीनं जोडलेली गाडी

साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मी फोरमन होतो. उसाच्या ट्रॉल्यांचे तुटके हूक जोडण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे हूक कसा लावायचा हे मला कुणी शिकवायचं नाही, अशी माझी घमेंड. तीच नडली.

निवृत्त झालो आणि बारामतीतल्या एका डॉक्टरांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन घेतली. लांबलचक, स्टिअरिंग डाव्या हाताला, दारांवर लाकडी पट्ट्या. आमच्या भवानीनगरात लोक हसले. परदेशातली म्हातारी जोडपी असल्या गाडीमागं चाकांवरचं घर ओढत हिंडतात, ते मी मोबाइलवर तासन्‌तास बघायचो. आपणही तसंच करायचं, हे डोक्यात बसलं.

निमित्त मात्र खरं होतं. बायकोच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली, तिला बसून प्रवास जमत नाही. तिची धाकटी बहीण अक्कलकोटला अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. "एकदा तिचा हात हातात घ्यायचाय," एवढंच तिचं मागणं होतं.

मुलगा म्हणाला, "ॲम्ब्युलन्स करू."

"तुझी आई पेशंट म्हणून जाणार व्हय रं? घरासकट नेतो तिला," मी म्हणालो.

पलंग, शेगडी, संडास, सगळं असलेलं ते घर बांधण्यात दीड वर्ष गेलं. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

निघायच्या दिवशी मुलानं सांगितलं, मागच्या घरात माणूस बसवून नेणं कायद्यात बसत नाही. मग वॅगनच्याच मागच्या भागात गादी टाकली. बायको डोक्यापासून पायापर्यंत आरामात मावली. मुलगा पुढं माझ्या शेजारी बसला.

"हितं तर किती बेस पडता येतंय," ती म्हणाली, "मग ते घर कशाला मागं?"

मी मागं हूक अडकवायला गेलो.

पाण्याची टाकी, बॅटरी, सिलेंडर, सगळं वजन मी घराच्या पुढच्या टोकाला, हुकाजवळ बसवलं होतं. दोन चाकांच्या ट्रॉलीत ऊस असाच भरतात, वजन ट्रॅक्टरवर येतं आणि त्याची मागची चाकं जमीन धरतात. हात आपोआप तसेच चालले. ही ट्रॅक्टर नव्हे, मऊ स्प्रिंगांची म्हातारी गाडी आहे, हा विचार शिवलाही नाही.

"अहो, गाडी मागनं लई बसलीय," लासुर्णे ओलांडल्यावर ती म्हणाली.

"ट्रॅक्टर बी बसतो. तू गप पड."

गाडीचं नाक वर उचललेलं, स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं. निमगाव केतकीच्या गतिरोधकावर चासीचा मागचा तुकडा हुकासकट फाटून निघाला आणि घराचं तोंड डांबरात रुतलं. कुणाला लागलं नाही. आठवडी बाजारातली माणसं गोळा झाली. एका बाईनं हिला चहा पाजला.

"हितनं इंदापूर जवळ हाय," बायको म्हणाली. "तितनं ॲम्ब्युलन्स बोलवा. मी आन्‌ पोरगा तसंच पुढं जातो. तुमी थांबा गाडीपाशी."

"पंधरा दिवसांत जोडतो मी ही. जाशील तर माझ्याच गाडीतनं."

"माझं ऐका की हो."

ऐकलं नाही. चारचौघांत माझं घर रस्त्यावर पडलं होतं, त्याची लाज मला तिच्या मागण्यापेक्षा मोठी झाली. एका जीपमध्ये गादी टाकून मी तिला परत घरी पाठवलं. मागनं गाडी ओढून दारात आणली आणि जोडायला घेतली.

आठव्या दिवशी सकाळी अक्कलकोटहून फोन आला. बहीण गेली.

मी वेड्यासारखा फोन फिरवला. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स दारात उभी राहिली. एवढंच लागत होतं, एक फोन आणि अर्धा तास.

"आवर," मी तिला म्हणालो, "मातीला तरी पोचू."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती.

"कुणासाठी नेताय आता?"

तुझ्यासाठी, असं म्हणायला तोंड उघडलं. पण मी माझ्यासाठी नेत होतो, आणि ते तिला कळलं होतं. ड्रायव्हर बाहेरून हाका मारत राहिला. शेवटी मुलानंच जाऊन त्याला परत पाठवलं.