सासूबाईंनी धरलेला पदर

माझ्या सासूबाई वारल्या त्याला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा एका दुपारी त्यांनी माझा पदर धरला. (हसू नका. मीही तेव्हा हसत नव्हते.)

झालं होतं असं, की त्यांची पाच जुनी लुगडी ट्रंकेत होती आणि त्यांची गोधडी व्हावी, अशी माझ्या नणंदेची, म्हणजे शालनवन्संची इच्छा. आईचं म्हणून तेवढंच उरलेलं. "शिंप्याकडे टाकायची नाही हं वहिनी, घरच्याच हातानं झाली पाहिजे," असं त्या घोरावाडीहून फोनवर म्हणाल्या. आणि मी, जिने आजवर उशीच्या अभ्र्यापलीकडे काही शिवलं नव्हतं, ती म्हणाले, "त्यात काय! मोटरचं मशीन आहे घरात. रविवारी चारला या, घेऊनच जा!"

शेजारच्या सोनामावशींनी बजावलं होतं. त्यांची हयात हातानं गोधड्या शिवण्यात गेलेली. "येक कोपरा उघडा ठिव बरं का. शेवटच्या टाक्याआधी त्यात भाकरीचा तुकडा घालायचा. गोधडी उपाशी ऱ्हायली तर लय छळती."

"छळते म्हणजे काय करते?"

"ते मला काय म्हाईत? मी कवा उपाशी ठिवलीच न्हाई!"

रविवारी आमच्या बेडशात सकाळपासून असं धुकं उतरलं, की डोंगर दिसेना, लेणी दिसेनात, भरदुपारी समोरचा गोठासुद्धा दिसेना. घरातले सगळे तळेगावला साखरपुड्याला गेलेले. घरात मी, मशीन आणि ती गोधडी. आणि गोधडी तरी केवढी! मशीनच्या त्या वीतभर कमानीतून जाईल तर शपथ! गुंडाळली की उलगडायची, ढकलली की अडायची, सोडली की टेबलावरून अशी ओघळायची की सुईच मोडायची. तीन सुया गेल्या. शेवटी वैतागून तिची गुंडाळी डाव्या खांद्यावर टाकली, तेव्हा कुठे गपगुमान चालायला लागली. खांद्यावर तिचं वजन, गालाला सासूबाईंचं मऊ हिरवं लुगडं आणि नाकात त्यांच्या तपकिरीचा वास. (दोनदा धुतलं होतं हो!)

माझ्या अंगावरही त्यांनीच दिलेली साडी होती. मोरपिशी. पंधरा वर्षांत दिलेली एकुलती एक. "तुला शोभायची नाही, पण असू दे," असं म्हणून दिलेली. वन्संना दाखवायला मुद्दाम नेसले होते, आणि ऐट म्हणून पदर खोचला नव्हता.

हाताला वेग आला आणि मी सुटलेच. चारी बाजू शिवल्या, वर रिव्हर्स मारून टाके पक्के केले. दोरा कापला, गोधडी मशीनमधून काढून टेबलाखाली सोडली आणि मग आठवलं. उघडा कोपरा! भाकरी!

"जाऊ दे. कुणाला कळतंय?" मी मोठ्यांदा म्हणाले.

आणि मशीन आपोआप सुरू झालं! माझे दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर. कापड नाही, दोरा नाही, आणि सुई नुसती खटखटखटखट! मग थांबली. बाहेर धुक्यात एक कावळासुद्धा ओरडेना.

"सासूबाई?"

खट.

"चुकलं माझं! आणते भाकरी! ताजी करून आणते!"

उठून दोन पावलं टाकली, तोच मागून कुणीतरी पदर धरला. झटका दिला नाही. हळूच धरला, पण सोडणार नाही असा, अगदी सासूबाई काम सांगताना धरायच्या तसा. मी जीव खाऊन हिसका दिला आणि बोंबलत अंगणात धावले. मागून आवाज, फरफर, फरफर. मी थांबले की थांबतोय, पळाले की पळतोय! मागे वळून बघायची कुणाची छाती? घराला अख्खी चक्कर मारली.

नेमक्या तेव्हाच वन्सं फाटकातून आत आल्या. मी कोपऱ्यावरून वळून गेले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की धुक्यातून आईचं हिरवं लुगडं सरपटत घरामागे चाललंय.

"आईऽऽ!" त्यांनी पिशवी टाकली आणि मटकन खाली बसल्या.

आरडाओरडा ऐकून सोनामावशी आल्या आणि त्यांनी गोधडीवर सरळ पाय दिला. मी आडवी.

"आगं बये, पदर शिवलायस की गोधडीला!"

खरंच! खांद्यावरच्या गुंडाळीबरोबर पदरही सुईखाली गेला होता. आणि मशीन? टेबलाखाली सोडलेली गोधडी घसरत घसरत मोटरच्या पायडलवर बसली होती!

वन्सं सावरल्या, कात्री घेऊन टाके उसवायला बसल्या. जुनं विरलेलं लुगडं चरचरायला लागलं.

"वन्सं, थांबा! आईंचं लुगडं फाटेल. माझी साडी कापा."

"अगं, आईनं दिलेली एवढी एकच साडी तुझी!"

"कापा म्हणते ना!"

त्यांनी कापली. हिरव्या लुगड्याच्या काठाला माझा वीतभर मोरपिशी पदर कायमचा राहिला. मावशींनी एक कोपरा उसवून भाकरीचा तुकडा घातला आणि हातानं टाके घातले. वन्सं त्या मोरपिशी तुकड्यावरून हात फिरवत रडल्या. मलाही रडू आवरेना. पंधरा वर्षं एका घरात राहून मला त्या बाईच्या जवळ जाता आलं नाही, आणि गेले ती अशी, रिव्हर्स मारून!

गोधडी घोरावाडीला गेली. मशीन माझ्याकडेच आहे. परवा पडद्याला साधी शिवण मारायची होती, तरी आधी गाऊन घातला, शेजारी ताटलीत अर्धी भाकरी ठेवली आणि मगच पायडल दाबलं. मशीन ढिम्म! वाकून ताटलीत पाहिलं, तर भाकरी कडेनं करपलेली. "चुकलं हो," म्हणून मुकाट्यानं उठले आणि दुसरी थापली.

(प्लगच लावला नव्हता, हे ती दुसरी टम्म फुगल्यावर कळलं.)