लेकीचा चेहरा अन् भिंतभर टीव्ही

जवळ ये वं, पोरी. पुण्यात बसून कशी येशील म्हणा, हा कागद तरी डोळ्यांजवळ घे. वर्ष झालं, आजीकडं यायची तुले आठवण नाही, अन् वरून विचारतेस, दोन्ही मामा एकमेकांशी बोलत काहून नाहीत.

तुही आई गेली तेव्हा तू पाळण्यात होती. तिचं हलतं-बोलतं रूप एकाच ठिकाणी उरलं, लग्नाच्या सीडीत. दरसाल तिच्या तिथीले पान वाढून झालं की आम्ही ती जुन्या डब्याच्या टीव्हीवर लावत होतो.

यंदा मोठ्या मामानं भिंतभर टीव्ही आणला. सीडी लावली. लेकीचं नाक पसरलेलं, डोळ्यांच्या जागी चौकोन, कोणी ओल्या फडक्यानं तोंड पुसल्यावानी. आदल्या महिन्यात लहान्या मामानं ती सीडी त्याच्या बुटीबोरीच्या खोलीवर नेली होती. मोठा त्याच्यावर धावला, म्हणे, दारू पिऊन घासली असशील. लहाना म्हणे, जुन्या डब्यावर लावून पाह्य ना गा. तेवढ्यानं मोठा पेटला. डबा ओढत गॅलरीत नेला अन् खाली ढकलला. काच बाँबसारखी फुटली. मग घरात राहिलेला डब्याचा लोखंडी स्टँड लहान्याच्या डोक्यात घातला. मी मधात पडली, माह्या मनगटाचं हाड मोडलं. फरशीवर रक्त, अन् पडद्यावर वरातीचा बँड वाजून राहिला होता.

“बहीण एकदा गेली, आज तू तिले दुसऱ्यांदा मारलं,” मोठा म्हणाला.

लहाना डोक्याले टॉवेल दाबून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी टीव्ही भिंतीले ठोकायले मेकॅनिक आला. त्यानं सीडी उजेडात धरली. एक ओरखडा नाही. म्हणे, आजी, हिच्यातल्या चित्रात ठिपकेच थोडे. जुनी काच त्यांच्या कडा मऊ करून दाखवे. या पडद्याले लई ठिपके भरायचे, मग मधले तो आपल्या मनानं भरते. वरून चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं. रिमोटनं त्यानं ताण काढला, दोन्हीकडं काळे पट्टे आले, नाक जागेवर आलं. चेहरा मात्र धूसरच. मोठा उभ्याउभ्या स्वतःच्या थोबाडीत मारत सुटला. मेकॅनिकनं हात धरले.

लकडगंजच्या भंगारातून मग मोठ्यानंच तसा एक जुना डबा शोधून आणला. त्यावर तुही आई हसली, दातसुद्धा दिसले. लहान्याकडं तो तीनदा गेला, लहाना दार उघडत नाही. मले फोनवर एवढंच म्हणाला, “भाची न्यायले आली तर येतो. त्याच्यासाठी नाही.”

माह्यानं आता बस चढवत नाही, पोरी. तू लवकर ये. पहिले बुटीबोरीले उतर, मग दोघंही घरी या.