अण्णांच्या पाकळ्या

अण्णांच्या वर्षश्राद्धाला माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, सुधीररावांनी, घरातले सगळे जुने फोटो एका सीडीत भरून आणले आणि जेवणं झाल्यावर टीव्हीवर लावले. मला ती चकती पहिल्या मिनिटालाच नकोशी झाली. अण्णा यायचे, नीट दिसायच्या आत त्यांच्या गुलाबाच्या पाकळ्या व्हायच्या, आणि त्या पाकळ्यांतून बहिणीच्या लग्नातला बुफे उगवायचा. मागे बासरी.

आमच्याकडे अल्बम बघताना एकेका फोटोवर भांडणं व्हायची. आई आधी पदराच्या टोकाने वरचं प्लास्टिक पुसायची, मग बघायची, आणि तिचं मन भरल्याशिवाय पान उलटत नसे. गेलेल्या माणसापाशी जरा रेंगाळता यावं, एवढंच तर फोटोचं काम. आता माझ्या बापाकडे किती वेळ बघायचं, हे ते यंत्र ठरवत होतं.

"सुधीरराव, जरा थांबवा ना," मी म्हणाले.

"मध्येच थांबवलं की गाण्याशी मेळ बिघडतो, ताई." रिमोट त्यांच्याच हातात होता.

आई तरी जावयाला कसं सांगणार?

मग सायकल धरून उभे असलेले अण्णा आले. आई उठली, टीव्हीपाशी गेली आणि सवयीने त्यांच्या चेहऱ्यावरून पदराचं टोक फिरवू लागली. तिचा हात काचेवर असतानाच खालून अण्णा निघून गेले. पदराखाली भाच्याच्या वाढदिवसाचा केक आला.

तोही तिने पुसला. मग मागे न वळता म्हणाली, "छान केलंत हो."