चौकच्या खडकावर

काचबिंदूचं निदान झालं आणि माझं नामस्मरण सुटलं. रागावून वगैरे नाही. एक दिवस जपाला बसणं राहिलं, मग पुन्हा बसावंसं वाटलं नाही. दत्तगुरूंकडे मागायचं तरी काय? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून शस्त्रक्रिया करायची. त्यासाठी मी सांगलीहून मीरा रोडला ताईकडे आलो. आधीचे दोन दिवस मोकळे होते. सोबत माझा जुना फिल्मचा कॅमेरा, एकच भिंग आणि एक कृष्णधवल रोल. मोबाइलवर हवे तेवढे फोटो निघतात, पण मला मोजकेच आणि नीट बघून काढायचे होते. पुढे दिसेल, न दिसेल.

पहिला दिवस नया नगरच्या गल्ल्यांत गेला. कुणी ओळखीचं नव्हतं, ते बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "समुद्र बघायचाय ना, मग चौकला जा, कोळ्यांचं गाव आहे. पण एकटा नको जाऊस रे." मी एकटाच गेलो. भाईंदरहून बस मिळाली. गावात बोंबील वाळत घातले होते, पलीकडे होड्या. ओहोटी होती, म्हणून खडकांवरून बराच आत गेलो. कॅमेऱ्याला डोळा लावला की मला कडेचं दिसत नाही हे जाणवत नसे. त्या छोट्या चौकटीत सगळं पूर्ण दिसायचं. त्या नादात भरती सुरू झालेली कळली नाही.

मागून हाक आली, "ओ भाऊ! पाणी भरलं हाय मागं!" वळलो तर खडकांच्या मधल्या वाटा पाण्याखाली गेल्या होत्या. खाली बघायला मान वाकवली की पाऊल दिसे, पण पुढचा दगड दिसत नसे. भीतीही वाटली नाही, नुसता उभा राहिलो. साडी खोचून एक वयस्क बाई गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे आल्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता.

"हात दे."

मी एक हात दिला. दुसऱ्यात कॅमेरा होता.

"एका हातानं जमणार न्हाय. तो ठेव तिथं."

"यात दोन दिवसांचे फोटो आहेत," मी म्हणालो.

त्या तशाच हात पुढे करून उभ्या राहिल्या. पाणी घोट्याशी आलं. मी कॅमेरा बाजूच्या उंच खडकावर ठेवला आणि दुसरा हात दिला.

"मला नीट दिसत नाही हो."

"मग मीट डोळे. सांगते तिथं पाय टाक."

मी डोळे मिटले. त्या मागे मागे सरकत सांगत होत्या, इथं, आता जरा खाली, शेवाळ हाय, थांब. केव्हातरी लक्षात आलं की माझ्या ओठांवर नाम चाललंय. मी सुरू केलं नव्हतं. वाळू पायाला लागली तेव्हा डोळे उघडले. कॅमेरा ठेवलेल्या खडकावरून लाट जात होती. हळहळ वाटेल असं वाटलं होतं, ती आली नाही.

त्यांनी मला घरी नेऊन चहा दिला. म्हणाल्या, "मासळीचं काम आटपून घरला आलेली. मग वाटलं, परत दर्याकडं जाऊन बसावं जरा. काम काय न्हवतं. मावलीनंच धाडलं." त्यांची मावली कोणती, हे मी विचारलं नाही. मीही माझ्या देवाला माउलीच म्हणतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "अजिबात हलू नका." मी हललो नाही. मनातल्या मनात नाम घेत पडून राहिलो. नजर वाढली नाही, वाढणार नव्हतीच. आहे तेवढी टिकली आहे. आता रोज जपाला बसतो, पण त्यात मागणं नसतं. कुठे न्यायचं ते दत्तगुरूंनी ठरवावं, मला पाय टाकायचा आहे. त्यांचे उपकार मानायला एवढंच माझ्याकडे आहे.

ताईचा अधूनमधून फोन येतो. विचारते, "आता कितपत दिसतं रे?"

मी सांगतो, "पुरतं."