एकाच खोक्याच्या नोंदी

शीतगृहाचं दार लावण्याआधी हवालदार आत मान घालून हाक द्यायचे, "कोन हाय रं आत? बोला, न्हाईतर कोंडतो." मग डोळे मिटून उत्तराची वाट बघायचे. आत कोणी नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी पुरते दहा श्वास. उणे वीस अंशांचा गारठा धुरासारखा बाहेर यायचा आणि मंडळी, तुम्हाला म्हणून सांगतो, त्या धुरात त्यांचं नुसतं धड दिसायचं. मी हसायचो. तेव्हा मी पुष्कळ गोष्टींना हसायचो.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गोठवून परदेशी पाठवायचा. हवालदारांची उमर फौजेच्या सिग्नलमध्ये गेलेली, बर्फातल्या चौक्यांवर बिनतारी संच सांभाळण्यात. आमच्याकडे ते शीतगृहाच्या दाराचे राजे. मी कॉम्प्युटरवर बसायचो, म्हणून माझं नावच त्यांनी 'कॉम्प्युटर' ठेवलं होतं.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी बिनतारी यंत्रं आली. दिसायला पिस्तुलासारखी, म्हणून सगळे 'गन' म्हणत. खोक्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर रोखून चाप ओढला की आत टुक व्हायचं आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावर ओळ उमटायची: कुठलं खोकं, कितवी रांग, किती वाजता. शीतगृहाच्या छताला अँटेना. मी जादूगाराच्या थाटात सगळ्यांना प्रयोग करून दाखवला.

हवालदारांनी गन उलटसुलट करून पाहिली. "चाप हाय, गोळी न्हाई. लय सभ्य बंदूक." मग हळूच म्हणाले, "आवं कॉम्प्युटर, ही खोकी शोधती. मानसाला पट्टी कुठं हाय?"

"माणूस काय हरवतोय, हवालदार?"

"खोकं तरी कुठं सोताहून हरवतंय?"

गन बाहेर आणली की तिच्या काचेवर पाणी धरायचं, म्हणून ती आतच खुंटीला असायची. गारठ्याने तिची बॅटरी बसायची. हवालदार ती सदऱ्याच्या आत, काखेत धरायचे आणि थोड्या वेळात जिवंत करून द्यायचे. "चौकीवर बॅटऱ्या अशाच कुशीत घेऊन निजायचो. घरी आलो की बायकू इचारायची, तिकडं कोन असतंय कुशीत?"

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी तापमानाच्या आलेखावर बोट ठेवलं. हवालदार हाक देतात तेवढा वेळ दार उघडं राहतं आणि रेषा वर चढते. "आता सगळं पडद्यावर दिसतं. दार उघडं ठेवून ओरडणं बंद."

"जी साब."

फौजी माणूस. हुकूम मोडायचा नाही आणि काम सोडायचं नाही. त्यांनी मधली वाट काढली. स्वतः आत जायचं, दार पाठीमागे ओढून घ्यायचं आणि सगळ्या रांगांतून फेरा मारून यायचं. बाहेरून कुलूप असलं तरी दार आतून उघडायला एक दांडा होता. त्यावर बर्फ साचून तो अडकायचा. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी तीनदा दिला होता. तिन्ही वेळा टाइप मीच केला होता.

एका दुपारी बंदराकडची गाडी भरून गेली. मुकादमाने घाईघाईत शीतगृहाला बाहेरून कुलूप ठोकलं आणि माणसं जेवायला पांगली. दार वीतभर जाड. आतल्या पंख्यांची घरघर तेवढी बाहेर यायची.

माझ्या पडद्यावर एक ओळ आली. सातवी रांग, एक खोकं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. गारठ्याने गन बिघडली असणार. दुबार नोंदी पुसणं हे माझं कामच. मी पुसल्या. आणखी चार आल्या. त्याही पुसल्या. मला गंमत वाटायला लागली. तिकडून यायच्या, इकडून मी उडवायचो, टेबलटेनिस चालावं तसं. हळूहळू ओळी उशिरा यायला लागल्या. मग थांबल्या. मी आळस दिला. बॅटरी बसली एकदाची.

बऱ्याच वेळाने आणखी एक ओळ आली.

मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. त्या थंडीत बसलेली बॅटरी आपोआप उठत नाही. तिला कोणीतरी कुशीत घ्यावं लागतं.

मुकादमाच्या हातातून किल्ली ओढून मी दार उघडलं. हवालदार सातव्या रांगेत, अँटेनाच्या बरोबर खाली बसले होते. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. गन सदऱ्याच्या आत आणि उजवा हात तिच्यावर, मेणासारखा पांढरा.

तीन बोटं काढावी लागली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको उशाशी बसली होती. हवालदारांनी मला जवळ बोलावलं.

"कॉम्प्युटर, येक खरं सांगा. पोचत व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही. शेवटची तेवढी पोचली."

त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलून पाहिला. "मग चूक माजीच. जागा बदलून बघाया पायजे व्हती. फौजेत नव्या पोरांना पयल्या दिवशी शिकवायचो आमी हे."

"ऱ्हाऊ द्या आता," बायको म्हणाली.

ते फलटणकडच्या आपल्या गावी गेले, ते परत आलेच नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे म्हणे, की मी चुकीच्या जागी बसलो.

दोन पावसाळ्यांनी ते वारले. तेराव्याला मी गेलो. पंगतीत त्यांची बायको स्वतः वाढायला आली आणि माझ्यापाशी थांबली.

"लय मानायचे तुमास्नी. म्हनायचे, कॉम्प्युटरला येकच हाक ऐकू आली, आन् त्या येकीवर धावला."

तिने माझ्या पानात आणखी एक लाडू ठेवला. मी तो खाल्ला.