उसना दिलेला राजा

"कोनाची वो तू?"

पहिल्या भेटीत तिने मला हे विचारलं, तेव्हा मी खुर्चीवर बसून वहीत रेघा आखत होते. नाव नाही, गाव नाही, सरळ मालकीचीच चौकशी. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, असं काहीतरी मी सांगू लागले. तिने ते हातानेच वारून टाकलं. "ते नाई विचारून राह्यली मी. बाप कोन? आई कुठची?" माझ्या आईचं माहेर नागभीडकडचं आहे हे कळल्यावर ती समाधानाने शेजारी बसली आणि पदराच्या गाठीतले फुटाणे तिने माझ्या तळहातावर ठेवले. माझी नोंद झाली.

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. तहसीलदारांना, जीपच्या ड्रायव्हरला, एकदा तर उत्खननाच्या खड्ड्यात उतरलेल्या बकरीलासुद्धा. बकरीने उत्तर दिलं नाही, पण मालकाचा पत्ता हिने लावलाच.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, की मेलेल्या राजांचा अभ्यास करून मिळतं काय? मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर मला या बाईकडून मिळालं होतं, म्हणून आज तिच्याबद्दलच लिहिते.

ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावर तिचं गाव. तिथल्या जुन्या तलावाची पाळ दुरुस्त करताना मजुरांना मातीत एक मोठी घडीव शिळा लागली. तिच्यावर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरला होता. हे आपल्या गोंड राजांचं चिन्ह. काम थांबलं, उत्खननाचं पथक आलं. पथकाच्या प्रमुख एक तरुण मॅडम होत्या. सापडलेल्या वस्तूंची वही सुवाच्य इंग्रजीत लिहिणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. निवृत्त, रिकामी आणि नीटनेटकेपणाचं वेड असलेली मी त्यांना आयतीच सापडले. आणि माती चाळायला गावातल्या बायका घेतल्या, त्यांत ही. वयाने माझ्याएवढीच, काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण.

दुसऱ्याच दिवशी तिने पथकाची लोखंडी चाळणी बाजूला सारली आणि घरून सूप आणलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, चाळणीच वापरा. पद्धत असते."

"तुही चाळनी आंधळी हाये," ती म्हणाली. "बारीक ते सोडते अन् ढेकूळ ठेवते."

मग तिने चाळणीतून आधीच गळून पडलेली माती सुपात घेतली. तांदूळ पाखडतात तशी ती हलक्या हाताने उडवायची, कोनाकोनाने घोळवायची आणि बोटाच्या टोकाने एकेक कण बाजूला करायची. दुपारपर्यंत तिने तीन मणी आणि बोटाचं एक इवलंसं हाड माझ्यापुढे ठेवलं. मॅडमनी त्याच संध्याकाळी बाजारातून आणखी चार सुपं मागवली. वहीत 'साधने' या रकान्यात मी सूप लिहिलं. इंग्रजीत त्याला काय म्हणावं याचा विचार करण्यात माझा अर्धा तास गेला.

शिळेखाली दगडी चौकटीत तो निजलेला सापडला, अख्खा सांगाडा. ती रोज सकाळी आली की चपला दूर काढायची, चौकटीजवळ वाकून "जोहार" म्हणायची आणि मगच कामाला लागायची. हा राजाच होता असं कोणी खात्रीने सांगेना. मॅडम 'राजघराण्यातली व्यक्ती' असंच म्हणायच्या. हिला एवढा धीर नव्हता. हिच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून राजा होता.

आता एका सकाळचा प्रसंग. नागपूरहून मोठे साहेब पाहणीला यायचे होते. मॅडमनी आदल्या दिवशी ब्रशने कणकण झाडून खड्डा तयार केला होता. आम्ही सकाळी पोचलो, तर राजाच्या भोवतीची सगळी जमीन शेणाने सारवलेली! वर रांगोळी. चार बोटांची सुरेख वळणं अजून ओली होती आणि बाई हात धूत उभी होती, लग्नघरातल्या यजमानिणीसारखी.

मॅडम मटकन खालीच बसल्या. "मावशी, हे काय केलंत? मातीचे थर होते ते! माझ्या तपासण्या..."

"पाहुने येऊन राह्यले अन् राजाचं आंगन असंच ठेवू? लोक काय म्हनन?"

"पण शेण?"

"मंग काय फिनाईल टाकू?"

नशिबाने तपासणीचे सगळे नमुने मी आदल्या संध्याकाळीच पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून बंद केले होते. हे सांगितल्यावर मॅडमना आधी रडू आलं, मग हसू. साहेब आले, खूप वेळ पाहत राहिले आणि जाताना म्हणाले, "जागा फार स्वच्छ ठेवली आहे तुम्ही." बाईने मॅडमकडे असं पाहिलं, की तो फोटो काढायचा राहून गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

तिचा चेहरा पडलेला मी एकदाच पाहिला. तपासणीसाठी हाडं दूरच्या शहरात न्यायची ठरली, त्या दिवशी. पेटी भरत होतो. ती पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली आणि हात काढेना.

"परत कोन आननार याले?"

"मी आणीन, मावशी. शब्द देते," मॅडम म्हणाल्या.

"शब्द तुह्या तोंडात राह्यते. तुही बदली झाली, त मंग?"

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, माहा बाप मिरची तोडाले गेला होता, गोदावरीच्या पल्ल्याड. तिथंच मेला. संगच्यांनी तिथंच माती देल्ली. कुठी देल्ली, ते सांगनारा आता कोनी नाई उरला. मी कोनाची ते मले मालूम हाये. तो कुठी हाये, ते नाई मालूम." माझ्या वहीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "याचं तसं नोको व्हायला. तू लिही."

वहीत शेवटी 'शेरा' असा रकाना होता. मी लाल पेन काढलं, 'ऑन लोन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी सही केली.

"काय लिवलं?"

"गावाने राजा उसना दिला, असं लिहिलं."

"उसना," तिने एकदा म्हणून पाहिलं. "मंग ठीक." आणि तिने हात काढला.

वर्षाने अहवाल आला. तिच्या ओसरीवर बसून मी तो तिला मराठीत सांगितला. पन्नाशीचा पुरुष, राजघराण्यातला, बहुधा राजाच. दात फार झिजलेले. जात्याची कच आणि धान्यातले खडे यांमुळे.

तिने जिभेने स्वतःचे दात चाचपले. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की सून चूल सोडून बाहेर आली. "राजाच्या भातातबी खडे! अवो, सूप धरनारी बाईच बेकार होती त्याची!" डोळे पुसून झाल्यावर हळूच म्हणाली, "बिचारा. बोलला बी नसन कोनाले." आणि मग, बांधीतल्या धानाकडे पाहत, "याच तळ्याचं पानी, याच बांधीचा भात. मंग तो आपलाच झाला का नाई?"

शाळेत मी राजांच्या सनावळ्या पाठ केल्या होत्या. एकाही राजाच्या दाताखाली खडा आल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. धाकटे, तुझं उत्तर मला त्या ओसरीवर मिळालं.

मॅडमची बदली खरोखरच झाली. पेटी कुठल्याशा कोठारात फळीवर जायच्या बेतात होती. पण तिथल्या एका काटेकोर माणसाने पेटीबरोबर गेलेली माझी वही उघडली आणि तो लाल शेऱ्यापाशी अडला. उसनी वस्तू फळीवर कायमची कशी चढवायची? त्याने गावाला विचारलं. ग्रामसभेने एकमुखाने मागणी केली. मीही चार पत्रं पाठवली, सगळी रजिस्टर्ड. धान कापून झाल्यावर, थंडीत, पांढऱ्या जीपमधून राजा परत आला. मॅडम रजा काढून आल्या होत्या.

"ताबा कोण घेणार?" अधिकाऱ्यांनी कागद पुढे करत विचारलं. सरपंच हार घेऊन पुढे सरसावले.

"थांब गा," ती म्हणाली. "माहं चांगलं सूप तुह्या घरी गेलं ते आजून नाई आलं. तुले राजा कसा देऊ?"

सगळं गाव हसलं, सरपंचही हसले आणि अंगठा तिचाच उठला.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. आपल्या घरात, आपल्या माणसांत गेली. तलावाच्या पलीकडे कुठे ठेवली आहे ते गावातलं शेंबडं पोरही दाखवील. पण मला ती दिसते ती त्या थंडीच्या सकाळी. चौघांच्या खांद्यांवर पेटी, शेजारी ही अनवाणी, एक हात पेटीवर. तलावाकडे, त्याच्या जुन्या जागेकडे चाललेल्या वाटेवर ती राजाला गाव दाखवत होती.

"हे तळं तुहंच. गाळ काढला आता. हे शाळा, पोरी बी जाते. हा मोबाईलचा टावर, भिऊ नोको. हे सोसायटीचं गोदाम, आपलं धान इथीच ठेवते."

वळणावर ब्रह्मपुरीची एस.टी. समोरून आली. गर्दी पाहून ड्रायव्हरने लांबूनच हॉर्न दिला. पेटी धरणारे थांबले. ती पेटीकडे झुकली आणि अगदी सहज म्हणाली,

"तुह्यासाठीच वाजवला."